थंडीत झोपलेलं यंत्र

धुकं असं दाट पडलं होतं की समोरच्या इमारतीचा नुसता जिना दिसत होता, इमारत नव्हतीच. उभ्या गाड्यांच्या काचांवर गारठ्यानं साय धरली होती. कंपनीच्या फाटकावरचा माणूस दोन्ही हात काखेत घालून उभा होता आणि ओळखपत्रं हात न लावता नजरेनंच तपासत होता. अशा सकाळी बाकीचे लोक चहाच्या यंत्राभोवती घोळका करून हात शेकतात. काडी सरळ लॅबमध्ये गेली, कोट न काढता टेबलाशी बसली आणि हारीनं मांडलेले यंत्रांचे उघडे सर्किट बोर्ड एकेक करून चालू करायला लागली.

तिचं रोजचं पहिलं काम हेच. बोर्डाला वीज द्यायची, शेजारच्या लॅपटॉपवर पहिली ओळ उमटते का बघायचं. उमटली की बोर्ड जिवंत. नाही उमटली की तिच्या कपाळावर आठी आणि ओठांत एक शिवी, तीही मोजूनमापून, कारण दिवस अजून मोठा असायचा.

काडी हे काही तिचं खरं नाव नव्हे. अंगानं बारीक, आणि घासली की पेटणार, म्हणून कॉलेजातल्या कुणीतरी ठेवलं आणि ते तिच्यासोबत नोकरीपर्यंत आलं. ऑफिसात तोंडावर 'मॅडम', पाठीमागे 'काडी'. तिला दोन्ही माहीत होतं. मॅडमपेक्षा काडी बरं, असं ती म्हणायची, त्यात निदान खोटा मान नाही. तिचे वडील एका कचेरीत टंकलेखक होते. दिवसभर 'हो साहेब, लगेच साहेब' करायचे, आणि घरी येऊन भांड्यांवर, उंबऱ्यावर, बायकोवर सगळा राग काढायचे. काडीनं लहानपणीच ठरवून टाकलं की जिथला राग तिथेच उतरवायचा, घरी आणायचा नाही. तो नेम तिनं पाळला. म्हणून घरी ती गरीब गाय होती आणि ऑफिसात तिच्या खुर्चीवर कुणी चुकूनही बसत नसे.

ती लिहायची तो प्रोग्रॅम म्हणजे फर्मवेअर. सासूबाईंनी एकदा विचारलं, "तू नक्की करतेस काय गं?" तेव्हा ती म्हणाली होती, "यंत्र जागं झालं की त्याच्या कानात सगळ्यात आधी बोलते ती मी." ते खरंच होतं. वीज येते तेव्हा प्रोसेसरला काही म्हणजे काही ठाऊक नसतं. आपल्याला मेमरी किती, पडदा आहे की नाही, आधी कोण होतो, सगळा अंधार. ठाऊक असतो फक्त एक पत्ता, आणि त्या पत्त्यावर काडीनं लिहून ठेवलेलं असतं, की आधी घड्याळ लाव, मग वीज नीट येतेय का बघ, मग मेमरीशी बोलायला शीक. या शिकण्यातच वेळ जातो. मेमरीला कधी हाक मारायची आणि तिचं उत्तर नेमकं कुठल्या क्षणी ऐकायचं, हे पुन्हा पुन्हा चाचपून ठरवावं लागतं. आणि ते गरम असताना एक ठरतं, गार असताना दुसरं.

त्या सकाळी शेवटचा बोर्ड बोलायला लागला तेवढ्यात मेल आला. तक्रार विभागाकडून. कंपनी अँब्युलन्समध्ये ठेवायचं एक यंत्र बनवायची, फाइलींच्या खोक्याएवढं, वर झाकण, झाकणात पडदा. पेशंटच्या बोटाला चिमटा लावला की नाडी आणि ऑक्सिजन दाखवणारं. तक्रार अशी, की झाकण उघडल्यावर पडदा अडकतो. खाली विभागाचा शेरा, की वापरणाऱ्याची चूक दिसते. त्याच्या खाली साहेबांची ओळ: "यंत्र ठीक असल्याचं उत्तर तयार आहे. फर्मवेअरतर्फे तुमची सही हवी. सोमवारच्या मीटिंगपर्यंत."

काडीनं मेलच्या तळाशी असलेला नंबर फिरवला.

"कंपनीतून बोलताय?" पलीकडून बाईचा आवाज आला, अँब्युलन्सवरच्या सिस्टरचा. "मग आधीच सांगते, मी वेडी नाही."

"वेडी कोण म्हणालं तुम्हाला?"

"तुमच्यातलाच एक. म्हणाला, ताई, झाकण नीट उघडलं नसेल. झाकण उघडता येतं मला. घरी चौघांचे डबे भरून कामाला येते मी."

काडीला हसू आलं. "बरं. मला पहिल्यापासून सांगा. मी मध्ये बोलणार नाही."

"गाडी रात्रभर उघड्यावर उभी होती. थंडी तर तुम्ही बघताय. उजाडताना कॉल आला. म्हातारे गृहस्थ, जिन्यात पडलेले. मी बोटाला चिमटा लावला, झाकण उघडलं, पडदा लागला. नाडी बहात्तर, ऑक्सिजन झकास. मी ड्रायव्हरला म्हटलं, आरामात घे. आणि इकडे बाबांचे ओठ निळे पडायला लागले."

"मग?"

"मग काय. पडद्याकडे पाठ केली आणि मनगट धरलं. नाडी हाताला लागेना. पुढचं सांगत नाही, वाचले ते. पण दवाखान्यात पोचवल्यावर बघितलं, तर पडद्यावर अजून बहात्तरच. ती रेघ हलतच नव्हती हो. आदल्या संध्याकाळी आम्ही एका तरुण पोरीला सोडलं होतं. ते आकडे तिचे होते."

काडीनं फोन ठेवला तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. आणि ती शोधायच्या मागे लागली नाही, कारण शोधायला काही नव्हतंच. काय झालं असणार ते तिला सिस्टरचं बोलणं संपायच्या आतच कळलं होतं.

त्या यंत्राचं झाकण लावलं की ते बंद होत नाही, झोपतं. बाकी सगळं विझतं, पण मेमरीला वातीएवढी वीज चालू राहते, तिला सगळं आठवत राहावं म्हणून. झाकण उघडलं की काडीचा प्रोग्रॅम आधी एकच खूण तपासतो, की नव्यानं उठलास की झोपेतून? झोपेतून असेल तर शिकवणी गाळायची, पूर्वी ठरलेले हिशेब जसेच्या तसे लावायचे आणि थांबलं होतं तिथून पुढे. क्षणाचं काम. पण ते हिशेब उबदार यंत्राचे असतात. रात्रभर गारठलेल्या मेमरीला त्याच हिशेबानं हाक मारली की उत्तर भलतंच ऐकू येतं, प्रोसेसर भांबावतो आणि उभ्या जागी गोठतो. पडदा मात्र तोवर उजळलेला असतो, आणि पडद्यापाशी त्याच्यापुरती वेगळी आठवण असते. तो बापडा शेवटचं चित्र दाखवत बसतो.

हे तिला दोन वर्षांपूर्वी माहीत होतं. नुसतं माहीत होतं असं नाही, तिनं त्याचा बंदोबस्तही केला होता. जाग आली की आधी तापमान बघ, फार फरक असेल तर मेमरीतलं काही न सांडता पुन्हा शीक, ते नाही जमलं तर सरळ नव्यानं सुरू हो, आणि तोवर पडदा काळा ठेव. यात काही सेकंद जायचे. साहेबांनी दवाखान्यांना शब्द दिला होता, झाकण उघडताक्षणी आकडे. तिथेच घोडं पेंड खात होतं. मीटिंगमध्ये वाद झाला, काडीनं टेबलावर हात आपटला, पाण्याचा ग्लास कलंडला आणि विक्रीवाल्याचा लॅपटॉप भिजला. त्यानंतर तापमानाची गोष्ट कुणी काढलीच नाही. सगळी चर्चा काडीच्या स्वभावावर झाली. तिची तपासणी काढून टाकली गेली, आणि तिच्या वार्षिक शेऱ्यात 'संवाद सुधारावा' असं आलं.

आता तिनं आधी पासबुवांना गाठलं. हे चाचणी विभागाचे प्रमुख. मनानं भला माणूस, पण कुठलंही यंत्र पुढे आलं की तोंडातून 'पास' आल्याशिवाय राहायचं नाही, म्हणून पासबुवा.

"पासबुवा, झोपेची चाचणी कशी घेता तुम्ही?"

"स्क्रिप्ट आहे की, आपोआप चालते. झोपव, उठव, झोपव, उठव. आठवडाभर चालू होती. एकदा फेल नाही."

"झोपवल्यावर किती वेळ ठेवता?"

"दहा सेकंद."

"याला झोप म्हणतात? माणूस बसमध्ये दांडीला लटकून डुलकी काढतो ती याहून मोठी असते."

"अहो मॅडम, दर वेळी रात्रभर झोपवलं तर मी निवृत्त होईन, चाचणी संपणार नाही."

"आणि थंडीची?"

"तीपण पास. थंड पेटीत ठेवायचं, चांगलं गारठवायचं, बटण दाबायचं. झक्क उठतं."

"बटण म्हणजे नव्यानं चालू."

"अर्थात. पेटीत ठेवताना वीज काढायची असा नियमच आहे." पासबुवांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे झोपलेलं यंत्र पेटीत कधी गेलंच नाही."

"कधीच नाही?"

पासबुवांनी चष्मा काढून पुसला. "तसं सांगितलं नव्हतं कुणी."

गारठ्यात नव्यानं उठलेलं यंत्र गारठ्यातच शिकतं, त्यामुळे ते उठणारच. आणि दहा सेकंदांच्या डुलकीत मेमरी गार होतच नाही, त्यामुळे तेही उठणार. झोपेच्या रकान्यात बरोबरची खूण, थंडीच्या रकान्यात बरोबरची खूण, आणि दोन रकान्यांच्या मधल्या फटीत ते निळ्या ओठांचे म्हातारे गृहस्थ. काडीला वाटलं, पासबुवांची मान धरावी. पण त्यांचा चेहरा इतका उतरला होता की तिनं नुसता दरवाजा आपटला.

साहेब हळू बोलणारे होते. इतके हळू, की समोरच्याला पुढे वाकावं लागे, आणि वाकलेल्या माणसाशी भांडण होत नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं.

"या, बसा. सहीचं काय झालं?"

"सही होणार नाही. यंत्रात खोट आहे."

"पुरावा?"

"थंड पेटी एक दिवस द्या. दाखवते."

"पेटी मोठ्या प्रकल्पाला दिलीय. महिनाअखेरपर्यंत."

"आणि तोवर गाड्यांमध्ये जी यंत्रं आहेत त्यांचं?"

"एका बाईच्या सांगण्यावरून ती परत बोलावू का मी?" साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "हे बघा, तुम्ही त्याच जुन्या मुद्द्यावर येताय. मनात अढी धरू नये माणसानं. सोमवारी पुरावा असेल तर आणा, नसेल तर सही करा. नाहीतर मी दुसऱ्या कुणाची घेतो. आणि तेव्हा आवाज जरा..."

"मी हळूच बोलतेय साहेब."

"नाही, आपलं आगाऊ सांगून ठेवतो."

काडी बाहेर आली आणि जिन्याच्या वळणावर ठेवलेल्या कचऱ्याच्या डब्याला तिनं अशी लाथ घातली की तो पायऱ्यांवरून घरंगळत खालच्या मजल्यावर गेला. मग तिनं इकडेतिकडे बघितलं, खाली जाऊन सांडलेले कागदी कप एकेक करून भरले आणि डबा जागेवर आणून ठेवला. सफाईवाल्या बाईंनी कुणाकुणाचा राग झाडायचा.

त्या शनिवारी ती यंत्र घेऊन घरी आली.

"हे काय आणलंस?" सासूबाईंनी विचारलं. त्या टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झालेल्या. आयुष्यभर इतरांची बोलणी जोडून दिल्यानं आता स्वतःच्या बोलण्याला लगाम लावायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

"यंत्र आहे. फ्रिजमध्ये ठेवायचंय."

"का, नासतं का ते?"

"झोपवून गार करायचंय."

"आणि माझा कोबी?"

"कोबी गॅलरीत ठेवू. बाहेर गारच आहे."

"मग यंत्रालाच ठेव की गॅलरीत. कोबीनं काय पाप केलंय?"

"आई, गॅलरीत दुपारी ऊन येतं. मला एकसारखा गारवा हवाय." काडी खरंच घरी आवाज चढवायची नाही. "तुमचं बोट द्या जरा."

"कशाला? घराच्या कागदावर अंगठा घेतेस का?"

"तुमची नाडी घ्यायचीय."

यंत्र चांगलं गरम व्हावं म्हणून तिनं ते शाल पांघरून दुपारभर चालू ठेवलं होतं. सासूबाईंच्या बोटाला चिमटा लागला, पडद्यावर रेघ धावायला लागली, नाडी ब्याऐंशी. "बघ, या वयात," त्या म्हणाल्या. काडीनं झाकण लावलं, चिमटा काढला, यंत्र ओल धरू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलं आणि कोबीच्या जागी सरकवलं. नवऱ्यानं, हा शाळेत भूगोल शिकवायचा, येता-जाता फ्रिज उघडून बघायला सुरुवात केली, तेव्हा तिनं दाराला चिकटपट्टी लावली.

रविवारी दुपारची जेवणं झाल्यावर तिनं यंत्र बाहेर काढलं, जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि झाकण उघडलं. पडदा उजळला. नाडी ब्याऐंशी. रेघ मधोमध थांबलेली.

"चिमटा तर कुणालाच लावलेला नाही," नवरा म्हणाला.

"नाही."

सासूबाई चष्मा लावून जवळ आल्या. "ही माझी नाडी?"

"हो. कालची."

"मी तर इथे आहे." त्यांनी आकड्यावर बोट टेकवलं. "समज, रात्री मी गेले असते. तरी हे असंच ब्याऐंशी दाखवत बसलं असतं?"

"हो."

सासूबाईंनी आपलं बोट दुसऱ्या हाताच्या मुठीत धरलं. "मग तू इथे काय करतेयस? जा आणि भांड त्यांच्याशी."

"भांडले की ते ऐकत नाहीत, आई. माझा आवाज तेवढा मोजतात."

"मग आधी दाखव आणि मग भांड. उलट्या क्रमानं करत असशील तू."

काडीनं यंत्र पुन्हा चालू केलं, पुन्हा शालीत गरम केलं, संध्याकाळी पुन्हा सासूबाईंचं बोट घेतलं, नाडी पुन्हा ब्याऐंशीच भरली, आणि यंत्र फ्रिजमध्ये झोपवलं. सोमवारी सकाळी थर्मोकोलच्या खोक्यात, बर्फाच्या पिशव्यांच्या मध्ये घालून ती ऑफिसला निघाली. बसमध्ये खोकं मांडीवर घेऊन बसलेल्या तिला शेजारच्या बाईनं विचारलं, "आइसक्रीम का?" काडी म्हणाली, "नाही, सासू."

मीटिंगच्या खोलीत साहेब, पासबुवा आणि विक्रीवाला. विक्रीवाल्यानं तिला बघताच लॅपटॉप उचलून मांडीवर घेतला. खोली मस्त उबदार होती. काडीनं खोकं उघडलं, यंत्र टेबलावर ठेवलं. अंगातला राग असा दाबून धरला होता की आवाज साहेबांच्याही खाली गेला होता. त्यांनाच पुढे वाकावं लागलं.

"साहेब, बोट द्या."

साहेबांनी हसून बोट पुढे केलं. तिनं चिमटा लावला आणि झाकण उघडलं. पडदा ताबडतोब उजळला. नाडी ब्याऐंशी.

"बघा," विक्रीवाला म्हणाला. "उघडताक्षणी. यालाच म्हणतात वेग."

"चांगली आहे की माझी नाडी," साहेब म्हणाले.

"ती तुमची नाही. माझ्या सासूबाईंची आहे, काल संध्याकाळची. त्या आत्ता घरी पेपर वाचतायत." तिनं साहेबांच्या बोटाचा चिमटा काढला. ब्याऐंशी. 

पासबुवा उठले, तिच्या हातातून चिमटा घेतला आणि आपल्या खिशातल्या पेनाला लावला. पेनाची नाडी ब्याऐंशी. ते पेनाकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "फेल. फेल लिहितो मी. झोपेलाही आणि थंडीलाही." त्यांच्या तोंडून हा शब्द त्या खोलीत याआधी कुणी ऐकलेला नव्हता.

साहेबांनी खुर्ची मागे सरकवली. "ठीक आहे. मुद्दा कळला. पुढच्या आवृत्तीत तुमची तपासणी परत घालू. काही सेकंद जास्त लागले तर लागू देत." आणि मग त्यांना वाटलं आता काहीतरी गोड बोलावं. "आणि बघा, आज तुम्ही किती शांतपणे मांडलंत. दोन वर्षांपूर्वी असंच बोलला असतात, तर हे तेव्हाच झालं असतं."

काडीच्या कानात सणकन काहीतरी वाजलं. त्या म्हाताऱ्या गृहस्थांचे निळे ओठ आता तिच्या आवाजाच्या खात्यात जमा होत होते. तिनं गिळलं. अजून एक गोष्ट राहिली होती आणि ती मिळेपर्यंत गिळायचं असं तिनं ठरवलेलं होतं.

"पुढची आवृत्ती यायला महिना जाईल. आज गाड्यांमध्ये जी यंत्रं आहेत त्या सगळ्यांना आजच कळवायला हवं."

"कळवू की," विक्रीवाला म्हणाला. "हे बघा, लिहितोच. अधिक चांगल्या अनुभवासाठी, वापरानंतर यंत्र पूर्ण बंद करावे." त्यानं मान वर केली. "चालेल?"

"यात का बंद करायचं ते कुठंय?"

"का कशाला सांगायचं? घबराट होते."

"कारण सांगितलं नाही तर बंद करणार नाहीत. नव्यानं चालू व्हायला वेळ लागतो, पेशंट समोर असतो. सिस्टर म्हणतील, कंपनीवाल्यांना काय कळतंय, आणि नुसतं झाकण लावतील. मीही तेच करीन."

"भाषा जरा सौम्य ठेवावी लागते," साहेब हळूच म्हणाले.

मग काडी उठली. रागाच्या भरात नव्हे. आधी ती दारापाशी गेली, दार सताड उघडलं, बाहेरचे सगळे टेबलांवरून माना वर करून बघायला लागले तोवर थांबली, आणि मग तिनं आपला तो सुप्रसिद्ध आवाज काढला.

"लिहा. झाकण उघडल्यावर दिसणारे आकडे आधीच्या पेशंटचे असू शकतात. आधीच्या पेशंटचे. प्रत्येक वापरानंतर यंत्र पूर्ण बंद करा, आणि बंद केलं नसेल तर पडद्यावर विश्वास ठेवू नका, मनगट धरा. एक शब्द सौम्य केलात तर माझी सही मिळणार नाही, आणि का मिळणार नाही हे मी याच आवाजात या मजल्यावरच्या प्रत्येक माणसाला सांगेन. दोन वर्षांपूर्वी पण वाक्य हेच होतं साहेब. तेव्हा तुम्ही ग्लासाकडे बघत बसलात."

बाहेर कळफलकांची खडखड थांबली. एकदा एवढ्या कानांवर पडलेलं वाक्य कुणाला परत आत ढकलता येत नव्हतं. विक्रीवाल्यानं साहेबांकडे बघितलं, साहेबांनी टेबलाकडे.

"खालच्या मजल्यापर्यंत गेला असेल आवाज," साहेब म्हणाले.

"तिथे तक्रार विभाग आहे. तिथपर्यंत जायलाच हवा होता."

विक्रीवाल्यानं वाक्य कागदावर उतरवलं. पासबुवांनी, पेनाचा चिमटा काढून, आपणहून खाली सही केली आणि कागद तिच्याकडे सरकवला. वाक्य तिचं होतं तसंच होतं. तिनं तीनदा वाचलं, मग सही केली. दुपारी ते सगळ्या दवाखान्यांना गेलं.

संध्याकाळी सिस्टरचा फोन आला. "आलं तुमचं पत्र. आमच्या गाडीवर चिकटवलंय, झाकणावरच. ड्रायव्हरनं मोठ्यानं वाचून दाखवलं सगळ्यांना."

"बंद करून चालू करायला वेळ लागेल. तुमची अडचण होणार, मला माहीत आहे. दुरुस्त केलेलं येईपर्यंत."

"होऊ दे. तोवर हात आहे ना. पण एक सांगा, तुम्ही लिहिलंत का ते? कंपनीसारखं वाटत नाही."

"का, कसं वाटतं?"

"कुणीतरी चिडून बोलल्यासारखं. म्हणून तर लक्षात राहिलं."



फोन ठेवून ती सामान आवरत होती तेव्हा साहेब स्वतः तिच्या टेबलापाशी आले. नव्या वर्षाच्या मोठ्या प्रकल्पात तिला घ्यायचं ठरलं होतं, पण तिथली टीम मोठी आहे, सगळ्यांशी जुळवून घ्यावं लागतं, तर तूर्तास तिनं जुनीच यंत्रं सांभाळावीत, असं ते म्हणाले. अगदी हळू. ती पुढे वाकली नाही, त्यामुळे त्यांना दोनदा सांगावं लागलं.

"बरं," ती म्हणाली. "जुनी यंत्रं सांभाळायला कुणीतरी लागतंच."

बसमध्ये तिला त्या 'शांतपणे मांडलंत'ची आठवण झाली आणि राग पुन्हा उसळून आला, सकाळपेक्षा जास्त. तो तिनं घरी न्यायचा नाही म्हणून एक थांबा आधीच उतरली, आणि गारठ्यात पाय आपटत चालत गेली. पण घराचं दार आलं तरी तो उतरला नव्हता. हे तिच्या बाबतीत पहिल्यांदाच होत होतं.

"झालं का भांडून?" सासूबाईंनी विचारलं.

"झालं. वाक्य गेलं. मोठा प्रकल्पही गेला."

"आणि अजून तोंड असं का?"

"अजून राग आहे."

"मग असू दे थोडा. सगळा एका दिवसात संपवला तर उद्या काय नेशील?" सासूबाईंनी पेपराची घडी घातली. "फक्त माझ्या भांड्यांपासून लांब राहा."

काडीनं कोट काढून खुंटीला लावला. दोन दिवस गारठ्यानं कपडे पुरते वाळत नव्हते. नवऱ्याचे शाळेचे शर्ट दोरीवरून काढून खुर्चीच्या पाठीवर टाकलेले होते, हाताला गार आणि किंचित दमट लागणारे. तिनं टेबलावर जुनी चादर घडी करून अंथरली, इस्त्री लावली, शर्ट उलटा केला, पाण्याचे चार थेंब शिंपडले आणि कॉलरीपासून सुरुवात केली.